भाडेकरूची भीती घालणाऱ्यांना

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात पहिल्यांदाच दुसरा फ्लॅट घेणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला घर घेण्याआधी : "घेऊन टाक, भाड्यातनं हप्ता सुटेल." दुसरा किल्ली हातात आल्यावर : "अकरा महिन्यांच्या वर कुणाला देऊ नकोस. माणूस एकदा आत शिरला की निघत नाही. त्यापेक्षा कुलूप लावून ठेव." सल्ला देणारी माणसं बहुतेकदा तीच असतात. घरातले काका, कचेरीतले वरिष्ठ, सोसायटीचे माजी सेक्रेटरी. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि त्यांची जोडी नव्या घरमालकाला महागात पडते. जिथे दहादा विचार करायचा तिथे ती त्याला बेधडक करते आणि जिथे कायदा त्याच्या बाजूने उभा आहे तिथे भेदरवून टाकते.

दुसऱ्या सल्ल्याकडे आधी वळतो, कारण त्याची झळ मालकाच्या पलीकडेही पोचते.

ही भीती कुठून आली ते समजून घ्यायला हवं. मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धानंतरच्या आणि फाळणीच्या टंचाईत त्याला सबळ कारण होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षांवर चालला. गिरगाव-लालबागच्या चाळींत भाड्याच्या रकमेतून दुरुस्ती निघेना, म्हणून मालकांनी दुरुस्तीच सोडली आणि खोल्यांचा सगळा व्यवहार पागडीवर गेला. या कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मालक 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे निव्वळ वापराच्या परवानगीवर, जागा देऊ लागले. मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्याच्याकडे चालू लायसन्स होतं, तो कायद्याने मानीव भाडेकरू ठरला, तेही पूर्ण संरक्षणासकट. वर्षभरासाठी म्हणून खोली दिलेल्या कित्येकांना ती हयातीत परत मिळाली नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने हे डोळ्यांदेखत घडताना पाहिलं. 'शिरला की निघत नाही' हे वाक्य तेव्हाचं आहे आणि तेव्हा ते खरं होतं.

पण त्यालाही आता पन्नास वर्षं उलटून गेली. १९८७ मध्ये जुन्याच कायद्यात लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा घेण्यासाठी वेगळी वाट केली गेली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की १९४० वर गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. आज आपण जे करार करतो ते या कायद्याखाली येतात. त्याचं कलम २४ घरमालकासाठी लिहिलेलं आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की लायसन्सधारकाने ताबा द्यायचा. नाही दिला तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याला प्रतिज्ञापत्र करून 'मला बाजू मांडू द्या' अशी परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. लेखी करार हा त्यात नमूद असलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपल्यानंतर राहिलेल्या प्रत्येक दिवसासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. निकालावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण आहे.

"कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात," असं यावर म्हटलं जाईल. तारखा पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्राधिकाऱ्यांची संख्या तोकडी आहे आणि सरळ प्रकरणही कधी कधी वर्षभर रेंगाळतं. पण रेंगाळलेल्या प्रकरणांच्या फाइली उघडून बघा. करार नोंदवलेलाच नाही, किंवा मुदत संपून दोन वर्षं झाली तरी नवा केलेला नाही, किंवा डिपॉझिट मालकाने खर्च करून टाकलंय आणि परत द्यायला पैसे नाहीत, असंच काहीतरी त्यांत पुन्हा पुन्हा सापडतं. या चुका मालकाच्या हातच्या असतात. भाडेकरूच्या स्वभावाशी त्यांचा संबंध नसतो.

आता अकरा महिन्यांबद्दल. हा आकडा आला कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी आणि तिचा खर्च टाळायचा म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुळली. महाराष्ट्रात ती पळवाट उरलेलीच नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मालकाने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरी शिक्षा पुढच्याच ओळीत आहे : नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाईल, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर. भाडं २२ हजार ठरलं होतं की १२ हजार, मुदत एक वर्षाची होती की पाच, यावर पहिला शब्द भाडेकरूचा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार टाइप करून नोटरीचा शिक्का मारून आणणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. त्याने कायद्याने दिलेली ढाल काढून समोरच्याच्या हातात दिलेली असते.

आणि वाचवलं किती? नोंदणीचा खर्च बघा. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक दहा टक्क्यांवर मिळून ०.२५ टक्के आहे. महिना २० हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांचं शुल्क सहाशेच्याही आत बसतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार रुपये. आधार आणि बोटाचा ठसा वापरून हे काम आता ऑनलाइन, घरी बसून होतं. तीन वर्षांचा करार केला तर मुद्रांक शुल्क दोन हजारांच्या आत राहतं आणि नोंदणी फी एकदाच लागते. या सवलतीच्या दराने करार पाच वर्षांपर्यंतचा होऊ शकतो. मग दर अकरा महिन्यांनी नवा करार करण्यात फायदा कुणाचा? मध्यस्थाचा. प्रत्येक नूतनीकरणामागे त्याला काही ना काही मिळतं. अकरा महिन्यांची भीती टिकवून ठेवण्यात ज्यांचा रोजगार आहे, त्यांच्याकडूनच नवे मालक कायदा शिकतात, हे मला फार खटकतं.

'बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं' ही तर शुद्ध लोणकढी थाप आहे. बारा वर्षांची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यात आहे, पण ती मालकाच्या हक्काला उघड विरोध करून ठेवलेल्या ताब्याला लागू होते. जो तुमच्या परवानगीने राहतो, तुम्हाला भाडं देतो, तुमच्या नावाच्या करारावर सही करतो, तो तुमची मालकी मान्य करूनच तिथे असतो. बारा काय, वीस वर्षं राहिला तरी निव्वळ राहण्याने तो मालक होत नाही.

डिपॉझिटचाही गैरसमज असाच. जितकं जास्त तितकी सुरक्षा, असं सांगितलं जातं. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार चालतो : चार-सहा लाख एकदम घ्यायचे आणि भाडं नाममात्र ठेवायचं, किंवा ठेवायचंच नाही. मालक ती रक्कम मुलाच्या फीत किंवा गावच्या बांधकामात घालतो. मुदत संपते, भाडेकरू म्हणतो पैसे द्या, निघतो. पैसे नसतात. तो निघत नाही आणि त्याचं बरोबरही असतं. डिपॉझिट म्हणजे भाडेकरूने मालकाला दिलेलं कर्ज. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं घ्यावं, वेगळ्या खात्यात ठेवावं आणि किल्ली परत येईल त्या दिवशी हिशेब करून द्यावं. रंग उडाला, नळाची चकती झिजली, ही वापराची साधी झीज आहे. तिच्या नावाखाली पंधरा हजार कापणारा मालक पुढच्या भाडेकरूला काय तोंडाने 'घर नीट वापरा' म्हणणार?

आणि भाडं थकलं म्हणून नळ बंद करणं, मीटरची वायर ओढणं, सामान दाराबाहेर ठेवणं हे सोसायटीतले अनुभवी लोक कौतुकाने सांगतात. १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडणं हा गुन्हा आहे. ज्याची बाजू भक्कम होती असा मालक अशा एका कृतीने आपलंच प्रकरण कमकुवत करून बसतो.

सोसायटीचं दडपणही वाजवीपेक्षा मोठं करून सांगितलं जातं. आदर्श उपविधींप्रमाणे घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला समितीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा शासनाचा आदेश ऑगस्ट २००१ चा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आहे. तरीही 'भाडेकरू ठेवलात तर महिना दोन हजार जादा' असे ठराव होतात आणि नवा सभासद मुकाट्याने भरतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मात्र खरंच मालकाचं काम आहे. ते ऑनलाइन होतं, त्यात कसूर करू नये.

आता कुलपांबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने त्यावर बोट ठेवलं : सर्वाधिक रिकामी घरं महाराष्ट्रात, सुमारे वीस लाख, एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार. त्याच पाहणीत आणखी एक नोंद आहे. शहरांत १९६१ मध्ये ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ मध्ये ती २८ टक्क्यांवर आली. यामागे कारणं अनेक आहेत, पण 'घर जाईल' ही भीती त्यांपैकी मोठं कारण आहे, असं पाहणीतलं विश्लेषणही सुचवतं. ज्या शहरात नर्सिंगची विद्यार्थिनी चार जणींत एक खोली वाटून घेते, तिथे शेजारच्या इमारतीत तीन-तीन फ्लॅट वर्षानुवर्षं अंधारात उभे असतात. ही परिस्थिती एका जुन्या कायद्याच्या आठवणीवर टिकून आहे याचा मला मनापासून राग येतो.

जे घर देतात तेही कुणाला देतात? आडनाव विचारलं जातं. मग काय खाता ते विचारलं जातं. एकटी बाई नको, बॅचलर नको, मुसलमान तर नकोच, 'आमच्या सोसायटीत चालत नाही' असं सांगून. सल्लागार याला सावधगिरी म्हणतात. पण मालकाला खरं जोखायचं असतं ते एवढंच की हा माणूस दरमहा भाडं देईल का आणि मुदत संपल्यावर जाईल का. याचं उत्तर पगाराच्या स्लिपमध्ये, आधीच्या घरमालकाला केलेल्या फोनमध्ये आणि नोंदवलेल्या करारात मिळतं. आडनावात ते कधीच नसतं. ओळखीतल्या, 'आपल्या' माणसाला तोंडी बोलीवर दिलेलं घर आणि त्यातून झालेली भांडणं कुठल्याही वकिलाला विचारा. त्या 'आपल्या' माणसाकडून करार करून घ्यायला मालकाला संकोच वाटलेला असतो. माणसाला अपमानित करून नाकारणारा हा मालक स्वतःचं गिऱ्हाईकही कमी करून घेतो आणि घर महिना-दोन महिने रिकामं ठेवतो.

त्या रिकाम्या महिन्याची किंमत कुणी मोजत नाही. एक महिना रिकामं म्हणजे वर्षाच्या भाड्यातले आठ टक्के गेले. २२ हजारांच्या भाड्यात दहा टक्के वाढ मागितली तर वर्षाला २६ हजार जास्त मिळतील. पण चांगला भाडेकरू त्यापायी निघून गेला तर एक महिन्याचं भाडं, नवी दलाली आणि रंगकाम मिळून त्याहून जास्त जातं. वेळेवर पैसे देणारा आणि गळती दिसली की लगेच कळवणारा भाडेकरू तीन-चार वर्षं टिकवणं हेच घरमालकीतलं सर्वांत फायद्याचं काम आहे. भीतीपोटी दर अकरा महिन्यांनी माणूस बदलणारे नेमकं ते घालवतात.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर पहिल्या सल्ल्याकडे येतो. 'भाड्यातनं हप्ता सुटेल.' पुण्याच्या उपनगरातला ७५ लाखांचा टू बीएचके उदाहरणाला घेऊ. सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी मिळून साडेपाच लाख वर जातात (खरेदीदार महिला असेल तर एक टक्का कमी). घर बांधकामाधीन असेल तर पाच टक्के जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता सुमारे ५२ हजार. भाडं समजा २२ हजार. वर्षातला एक महिना रिकामा धरा, मेंटेनन्स तीन हजार, मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्ती. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के करसवलत भाड्याने दिल्यावर जाते, हेही लक्षात असू द्या. हातात महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास उरतात. उरलेले ३७ हजार दरमहा तुमच्या पगारातून जाणार. एकूण गुंतलेल्या रकमेवर निव्वळ परतावा सव्वादोन टक्क्यांच्या घरात, आणि कर्जावर तुम्ही साडेआठ टक्के देताय.

"पण प्राप्तिकरात सुटतं ना!" हेही अर्धसत्य आहे. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जाचं सगळं व्याज वजा होतं, हे खरं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याजच पाच लाखांवर जातं आणि कागदावर तीन लाखांहून जास्त तोटा दिसतो. जुन्या करपद्धतीत त्यातले फक्त दोन लाख पगाराच्या उत्पन्नातून वळते होतात. बाकीचे पुढच्या आठ वर्षांत घराच्याच उत्पन्नातून. २०२३-२४ पासून जी नवी पद्धत मूळ धरली जाते, तीत हा तोटा पगारातून एक रुपयानेही वळता होत नाही. सल्ला देणारे काका जुन्या पद्धतीत विवरण भरत होते आणि त्यांचा पुतण्या नव्या पद्धतीत आहे, एवढ्याने सगळं गणित उलटतं.

'किंमत वाढेल' यावर वाद घालत नाही. काही भागांत वाढते, काही भागांत दहा-दहा वर्षं ढिम्म राहते. पण किंमत वाढली तरी ती विकल्याशिवाय हातात येत नाही आणि विकायला महिने लागतात. जुलै २०२४ नंतर घेतलेलं घर दोन वर्षांनी विकलं तर महागाईचा निर्देशांक न लावता नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. दरमहा ३७ हजारांचा खड्डा तोवर नोकरी टिकवून भरत राहायचा. पहिलंच घर असेल तर या सगळ्याला वेगळा अर्थ आहे, राहायला छप्पर लागतंच. गुंतवणूक म्हणून दुसरं घेणाऱ्याने मात्र कर्ज थोडं, घर तयार, भोगवटा प्रमाणपत्र हातात आणि त्याच इमारतीत आज प्रत्यक्ष मिळणारं भाडं दोन-तीन भाडेकरूंना विचारून घेतलेलं, एवढं जमत असेल तरच पुढे जावं. बांधकामाधीन प्रकल्पात जायचंच असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत, मुदतवाढ आणि दावे आधी पाहा. नोंदणीकृत विक्रीकरार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हे २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १३ आहे. ताबा लांबला तर हप्ता चालू आणि भाडं शून्य, अशी वर्षं काढावी लागतात.

म्हणून सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. घर घेऊ पाहणाऱ्या पुतण्यासमोर पुढच्या वेळी बसाल तेव्हा कागद-पेन घेऊन हप्ता, मेंटेनन्स, कर आणि रिकामा महिना मांडून दाखवा. घर घेऊन झालं असेल तर त्याला १९७३ च्या गोष्टी सांगू नका, १९९९ च्या कायद्याची कलमं २४ आणि ५५ वाचायला द्या. दोन्ही मिळून चार पानंसुद्धा होत नाहीत. आणि तुमचा स्वतःचा एखादा फ्लॅट कुलपात असेल, तर या जूनमध्ये कॉलेजं सुरू होण्याआधी तो नोंदणीकृत करार करून कुणाला तरी राहायला द्या.